येण्यास नकार

आश्रुबा मुळूक चौतीस वर्षं साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं एवढंच समजावं की उसाच्या रसाचा पाक दोन मजली उंचीच्या एका बंद भांड्यात वाफेवर शिजवतात आणि त्यात साखरेचा दाणा पाडतात. त्या भांड्याला पॅन म्हणायचं. दाणा पडला का, भरला का, हे सांगायचं काम माणसाचं. पॅनमन थेंबभर माल काचेच्या तुकड्यावर घेतो, अंगठ्यानं चोळतो, उजेडाला धरतो, आणि मग त्याचा शब्द तो शेवटचा. दाणा भरायच्या आधीच झडप उघडून माल खाली सोडला, तर त्याला कच्चं पॅन सोडणं म्हणतात. त्यानं कुणी मरत नाही. माल पुन्हा शिजवता येतो. पण ज्याच्या हातून कच्चं पॅन सुटलं, त्याच्याकडे दुसऱ्या पाळीची माणसं कशी बघतात, ते त्यालाच ठाऊक.

आश्रुबांच्या हातून कधी सुटलं नव्हतं. सख्खा भाऊ गेल्याचा निरोप आला, तेव्हाही शिजायला चढलेलं पॅन उतरवून, हातपाय धुऊन मग ते गावाकडं निघाले होते. चितेला अग्नी देऊन झाला होता. भाऊबंदांनी तोंडावर नावं ठेवली, पण कारखान्यात त्यांचं नाव झालं. आश्रुबांना त्यातलं कारखान्यातलं नाव तेवढं लक्षात राहिलं होतं.

अजिनाथ हा त्यांचा एकुलता एक. त्याला हा हुन्नर त्यांनीच दिला. पोरगा हाताचा गुणी निघाला, दाणा ओळखण्यात बापाच्या बरोबरीला आला. पण एक खोड राहून गेली. काही अडलं की दादांना, म्हणजे बापाला, विचारल्याशिवाय त्याचा पाय पुढं पडत नसे. तीन वर्षांमागं आफ्रिकेतल्या सुदान देशात, नाईल नदीच्या काठच्या एका साखर कारखान्यानं त्याला बोलावलं, तेव्हा तो जायला निघाला तोही दादांनी जा म्हटल्यावर. आणि तिथून, इतक्या लांबून, कधी माल चिकट येतोय म्हणून, कधी वाफ कमी पडतेय म्हणून त्याचा फोन यायचाच. राजनंदिनी, म्हणजे त्याची बायको, सासऱ्यांना मामा म्हणे; ती हसून म्हणायची, "माझ्याशी पाच मिनिटं अन् मामाशी अर्धा घंटा. लग्न कुणाशी लागलंय, तेच कळंना."

त्या चैत्रात सुदानात लढाई पेटली. राजधानीत दोन सेनापती एकमेकांवर उठले आणि आठ दिवसांत आग अख्ख्या देशात पसरली. आपल्या सरकारच्या सूचना फोनवर येऊ लागल्या. राजनंदिनी त्या मोठ्यानं वाचून दाखवायची. पहिल्यांदा आलं, आहात तिथंच थांबा, घराबाहेर पडू नका. मग आलं, सर्वांनी आपली नावं नोंदवा. मग आलं, गाड्या ठरवून माणसांना बंदरावर नेलं जाईल, तिथून नौदलाच्या जहाजानं समुद्रापार. एकच पिशवी घ्या. गाडी आली की लगेच बसा, गाडी कोणासाठी थांबणार नाही.

"कोणासाठी थांबणार न्हाई," सासूबाई कौशल्याबाई पुन्हा म्हणाल्या. "बसंल ना गं तो येळेवर?"

"तेवीस जणं हायत आपले तिथं. सगळ्यासंगं बसतील की, आत्याबाई."

इकडं गावात मारुतीच्या देवळापुढं हरिनामाचा सप्ताह बसलेला. सात दिवस अखंड नाम, रोज संध्याकाळी कीर्तन, आठव्या दिवशी काला. वीणा रात्रंदिवस उभी. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, भुईला टेकत नाही. आश्रुबांचा पहारा दुपारी बारा ते दोन. गेली सतरा वर्षं तोच पहारा त्यांचा. तारेवर बोट पडलं की आतलं सगळं हळूहळू निवळत जातं, असं ते सांगत, आणि ज्यानं कधी वीणा गळ्यात घेतलीय त्याला ते खोटं वाटणार नाही.

चौथ्या दिवशी पहारा आटोपून ते देवळामागच्या लिंबाखाली टेकले होते. साडेतीनचा सुमार. फोन वाजला.

"दादा, गाडी आली."

"कंची?"

"एंबसीवाल्यांनी ठरीवलेली. सांच्याला येणार व्हती, ती आत्ताच येऊन उभी हाय. सगळे बसलेत. मिश्राजी यादी घेऊन दारात हायत." अजिनाथला धाप लागली होती. मागं यंत्रांची घरघर चालू होती, ती आश्रुबांना झोपेतसुद्धा ओळखू आली असती. "माझं पॅन चढलंय दादा. दाणा पडलाय, भरला न्हाई. दोन घंटे लागतेत."

"दुसरं कोन हाय का हाताखाली?"

"उस्मान हाय, हितलाच. वाफ बघतो तो, पर दाणा कळत न्हाई त्याला. मॅनेजर म्हनतो, सोड खाली तसंच अन् जा. काय करू?"

"कच्चं?"

"कच्चंच की."

आश्रुबांनी मांडवाकडं पाहिलं. टाळ चालू होते. "बंदुकी वाजत्यात का तिथं?"

"हितं न्हाई. लांब हायत म्हनत्यात."

"मग दोन घंट्यात काय जग बुडालं? गाडीवाल्याला म्हन, थांब जरा. मानसं समजूतदार असत्यात. आपल्या घरात कच्चं पॅन कुनी सोडलं न्हाई, अजू."



"बरं," अजिनाथ म्हणाला.

गाडी चाळीस मिनिटं थांबली. पुढं वाटेत चौक्या होत्या, दिवस मावळायच्या आत त्या ओलांडायच्या होत्या. बावीस माणसं आत बसून घड्याळं बघत होती. गाडीचे प्रमुख म्हणून नेमलेल्या मिश्राजींनी पॅनच्या जिन्याखाली उभं राहून दोनदा विचारलं, येतोस की नाही. अजिनाथनं वरूनच मान हलवली. गाडी गेली.

पॅन उतरलं तेव्हा दाणा, अजिनाथनं नंतर सांगितलं, फार सुरेख होता.

संध्याकाळी त्याचा संदेश राजनंदिनीच्या फोनवर आला: पॅन चढलेलं होतं म्हणून राहिलो, पुढच्या गाडीनं येतो, काळजी नको. त्यात बापाचं नाव नव्हतं. आश्रुबांनी तो संदेश सुनेच्या तोंडून ऐकला आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरानं त्यांना झाकलं. त्याच वेळी बोलून टाकायला हवं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "त्या मॅनेजरनं अडीवलं असंल. लेकरू माझं भोळं. ज्यानं त्याला अडकीवलं, त्याचं तोंड देव बघायचा न्हाई."

आश्रुबा उठले आणि गोठ्याकडं गेले. म्हशीपुढं वैरण होती, तरी त्यांनी आणखी टाकली.

दुसऱ्या दिवशी तिकडं डिझेल संपलं आणि कारखाना बंद पडला. दुपारून दोन ओळी आल्या, कामगारांच्या वसाहतीत लुटालूट चालू झालीय, उस्माननं मला आपल्या घरी नेलंय. त्यानंतर फोन लागेना. राजनंदिनी दर दहा मिनिटांनी लावायची. तीच बाई, परक्या भाषेत, तेच सांगायची.

त्या संध्याकाळी कीर्तनाला सुकन्याताई होत्या. आष्टीकडच्या. वय तिशीच्या आतबाहेर, पण आवाज असा की पहिली चाल धरली की शेवटच्या रांगेत कुजबुजणाऱ्या बाया आपोआप गप्प होतात. निरूपण करता करता त्या हळूच खाली उतरायच्या, आपल्या चुलीपर्यंत, पाट्यावरवंट्यापर्यंत, आणि माणूस हसत असतानाच त्याला वर उचलून न्यायच्या. त्या दिवशी विषय होता कर्माचा. जे वाट्याला आलं ते मन लावून करणं हीच पूजा. मृदंग थांबला, टाळकरी सावरून उभे राहिले, आणि ताई म्हणाल्या:

"मला आज सकाळी या गावात आल्यावर एक गोष्ट कळली. दृष्टांतासाठी पुराणात जायची गरजच नाही हो. तुमच्या गावचं एक लेकरू परमुलखात आहे. भोवती लढाई. सरकारनं गाडी पाठवली. सगळे बसले. पण याचं काम अर्ध्यात होतं. हा म्हणाला, माझ्या हातचं काम अर्धं टाकून मी येणार नाही. माउली, पूजा म्हणतात ती हीच. आणि हे बाळकडू त्याला पाजलं कुणी? त्याचे वडील इथं समोर बसलेत. दुपारचा पहारा त्यांचा असतो. त्या बापाला एकदा हात जोडा."

मांडवातले चारशे हात जोडले गेले. शेजारी बसलेले भगवानराव, आश्रुबांचे लहानपणापासूनचे सोबती, त्यांनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. बायांच्या बाजूला कौशल्याबाई रडत होत्या, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडावर थोडा उजेड आला होता. मग ताईंनी सगळ्यांना अजिनाथच्या नावानं हरिनाम म्हणायला लावलं. अख्खा मांडव उभा राहिला. टाळ, मृदंग, बायांचे वर चढलेले आवाज.

आश्रुबांना ते नाम ऐकू येत नव्हतं. कीर्तन म्हणजे या माणसाचा प्राण. दहा कोस चालत जाऊन कीर्तन ऐकलेला माणूस. पण त्या संध्याकाळी त्यांना वाटलं, देवानं आपल्याला सगळ्या मांडवापुढं उभं केलंय आणि फक्त त्याला आणि आपल्याला माहीत आहे का ते. सगळे उभे असताना ते खाली बसायला लागले. भगवानरावांनी दंड धरला. "भरून आलंय का? येनारच बाबा. असं लेकरू कुनाला मिळतंय."

"गप बस," आश्रुबा म्हणाले.

घरी येताना राजनंदिनी त्यांच्या मागून चालत होती. ती एकदाच बोलली. "पूजा म्हनं. मला न्हाई पूजा लागत, मामा. मला मानूस लागतंय. कावून थांबले हे? मागं आमी हाओत, हे ध्यानात आलं न्हाई का त्यांच्या?"

आश्रुबा सकाळी उठल्याबरोबर म्हणाले, "बीडला जाऊ. जिल्ह्याच्या हापिसात ह्याच्यासाठी खोली उघडलीय म्हनत्यात. तू चल संगं. कागद भरावा लागंल."

कौशल्याबाईंना घरी ठेवलं. माजलगावहून एसटी धरून दोघं बीडला पोचले, तेव्हा अकरा वाजले होते.

आपत्तीच्या कक्षात चार टेबलं, दोन फोन आणि भिंतीवर सुदानचा नकाशा होता, कुणीतरी इंटरनेटवरून छापून चिकटवलेला. खुर्चीवर शिवानी मॅडम होत्या. तीन दिवस धड जेवलेल्या नसाव्यात असा चेहरा, पण बोलणं मऊ. त्यांनी नाव विचारलं, संगणकात शोधलं, आणि थांबल्या.

"मुळूक अजिनाथ आश्रुबा. पासपोर्टचे शेवटचे आकडे चारशे बारा?"

"हो, हो," राजनंदिनीनं पासपोर्टची झेरॉक्स पुढं सरकवली.

"काका, यांच्या नावापुढं शेरा आहे. 'येण्यास नकार.' गाडीच्या प्रमुखानं तसं कळवलंय. म्हणून पुढच्या याद्यांत नाव घेतलेलं नाही."

"नकार कुठला?" राजनंदिनीचा आवाज चढला. "पॅन उतरायचं राहिलं म्हनून राहिले ते. नकार दिला न्हाई."

"दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले, असं लिहिलंय. तिथं माणसं जास्त आहेत ताई, गाड्या थोड्या. नको म्हणणाऱ्याच्या जागी दुसरा बसतो. आता त्यांनी स्वतः पुन्हा फॉर्म भरला, तर शेरा निघेल."

"त्यांचा फोनच लागत न्हाई."

"मग जवळच्या नातेवाइकानं अर्ज द्यायचा. मी आत्ता पुढं पाठवते, दिल्लीशी बोलतेसुद्धा. फक्त कारण नीट लिहा. आधी नको का म्हणाले आणि आता यायचंय हे कशावरून."

राजनंदिनीनं कोरा कागद ओढला. अक्षर तिचं देखणं, दहावीपर्यंत शाळेत फळ्यावरचा सुविचार तीच लिहायची. तिनं लिहिलं: हाती घेतलेलं काम पूर्ण करण्यासाठी माझे पती थांबले. शिवानी मॅडमनी वाकून वाचलं.

"असं लिहिलं तर ते म्हणतील, कामासाठी थांबलाय, उद्याही थांबेल. त्याच्यासाठी ठेवलेली जागा वाया जाईल."

"मग काय लिहू? इंटरनेट नव्हतं, कळलं न्हाई, असं लिहू का?"

"समोर उभं राहून विचारलंय त्यांना. खोटं लिहू नका ताई, जुळलं नाही की अर्ज बाजूला पडतो. आणि आता फार दिवस गाड्या चालतील असं मला वाटत नाही."

खोलीत पंखा करकरत होता. दुसऱ्या टेबलावरचा फोन वाजून बंद झाला. आश्रुबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लिही," ते सुनेला म्हणाले. "मी, आश्रुबा मुळूक, वय चौसष्ट."

तिनं दुसरा कागद घेतला. लिहिलं.

"माझा मुलगा गाडीत बसायला तयार व्हता. त्यानं मला फोन करून इचारलं."

तिनं लिहिलं.

"मी त्याला सांगितलं, येऊ नको. पॅन उतरीव, मग ये."

पेन थांबलं. राजनंदिनीनं मान वर केली नाही. कागदावर, शाई जिथं टेकली होती तिथं, एक ठिपका मोठा होत चालला होता. शिवानी मॅडमनी नजर काढून नकाशाकडं नेली. आश्रुबांना वाटलं, आता ही उठून जाईल. जावी. ओरडावी, चारचौघांत काय वाटेल ते बोलावी. त्यांनी दोन्ही हातांत टोपी घट्ट धरली होती.

"पुढं सांगा," राजनंदिनी म्हणाली.

"तो माझ्या शब्दाभाईर न्हाई, म्हनून थांबला. त्यात त्याची मर्जी नव्हती. चूक माझी हाय. त्याला घरी यायचं हाय. त्याचं नाव पुन्हा घ्यावं."

तिनं सगळं जसंच्या तसं उतरवलं, फक्त व्हताचं होता केलं. कागद त्यांच्यापुढं फिरवला आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं.  

परतीच्या एसटीत ती बायकांच्या सीटवर जाऊन बसली. शेजारची जागा मोकळी होती. आश्रुबा मागं दांडीला धरून उभे राहिले, माजलगावपर्यंत.

घरी पोचल्यावर कौशल्याबाई दारातच होत्या. "काय म्हनले?"

"नाव घालतेत पुन्हा," राजनंदिनी म्हणाली आणि आत गेली. पाणी भरलं, भाकरी थापल्या, सासऱ्याचं ताट वाढून सासूच्या हाती दिलं. 

सप्ताहाच्या सातव्या दिवशी सकाळी शिवानी मॅडमचा फोन आला. शेरा निघाला होता. पण गाडी कारखान्यापर्यंत जाणार नव्हती. दुसऱ्या एका शेती प्रकल्पावरची माणसं घेऊन ती त्या दिवशी संध्याकाळी हमरस्त्यावरच्या गावातून पुढं जाईल; कारखान्यापासून ते गाव अठरा किलोमीटर. तिथवर अजिनाथनं आपलं आपण पोचायचं. "मला हे सांगताना बरं वाटत नाही ताई," त्या म्हणाल्या. "रस्ता सुरक्षित आहे असं कुणी म्हणत नाही. पण यानंतर त्या बाजूला गाडी ठरलेली नाही."

राजनंदिनीनं संदेश पाठवला. एकच खूण उमटली, म्हणजे तो पोचलाच नव्हता. तिनं तोच पुन्हा पाठवला, मग पुन्हा. नऊ वाजले, दहा वाजले. बारा वाजायला आले, वीणेच्या पहाऱ्याला बोलावणं आलं. आश्रुबांनी भगवानरावांना जाऊन उभं राहायला सांगितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. भगवानराव काही विचारणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून मुकाट गेले.

सव्वाबाराला फोन वाजला. अनोळखी, परदेशी आकडा.

"दादाला दे," पलीकडून अजिनाथ म्हणाला. "चार्जिंग न्हाई, उस्मानच्या मेव्हन्याचा फोन हाय. लवकर."

राजनंदिनीनं आधी गाडीचं सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, वेळ सांगितली. मग सासऱ्याकडं बघितलं आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. स्पीकर चालू होता. कौशल्याबाई उंबऱ्यातून पुढं आल्या.

"दादा, अठरा किलोमीटर लई हाय," अजिनाथ म्हणाला. "तीन जागी बंदूकवाले बसलेत. उस्मान म्हनतो, शेताशेतानं गाढवगाडीवर नेतो, चाऱ्याखाली. अन् कारखान्याचा शिपाई सांगून गेला, दोन दिवसात कंपनी पहारा पाठीवनार हाय, थांबलेलं बरं. मला काय सुदरंना. तुमी सांगा. थांबू का निघू?"

आश्रुबांचं तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांपुढं ती शेतं आली, कधी न पाहिलेली, आणि चाऱ्याखाली गुदमरलेलं पोर. निघ म्हणावं आणि वाटेत काही झालं तर. थांब म्हणावं आणि तो पहारा आलाच नाही तर. एकदा सांगून बसलो होतो. किती सोपं गेलं होतं तेव्हा सांगायला, लिंबाखाली, टाळ ऐकत.

"दादा?"

"अजू, मला इचारू नको," ते म्हणाले.  "माझं न्हाई चालत डोकं. मला तिथलं काय दिसतंय? तुज्या डोळ्याला दिसतंय ते बघ."

"असं कावून म्हनता? तुमी न्हाई सांगितलं तर..."

त्यांनी फोन सुनेपुढं धरला. तिनं घेतला.

"ऐका," ती म्हणाली. "उस्मानभाऊ त्या वाटेनं ह्या चार दिवसांत गेलाय का?"

"काल गेलता. पानी आनायला. आर्ध्यापर्यंत."

"त्याच्या बायकोला काय वाटतंय?"

 "ती म्हनती, ऊन हाय तवरच जा. दुपारी ते लोक सावलीला पडत्यात."

"बरं. आता तुमाला काय वाटतंय ते सांगा."

"मला?"

"तुमाला. मामाला न्हाई, मला न्हाई. तुमाला यायचंय का?"

पलीकडं एक बकरी ओरडली, कुणीतरी लहान पोर त्या भाषेत काही म्हणालं. मग अजिनाथ रडायला लागला. आश्रुबांनी त्याला रडताना ऐकलं होतं ते तो सात वर्षांचा असताना.

"मला यायचंय गं," तो म्हणाला. "त्या दिवशीबी यायचं व्हतं."

"मग निघा. आत्ताच."

फोन तुटला.

त्यापुढचा वेळ कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. कौशल्याबाई देवापुढं बसल्या त्या उठल्याच नाहीत. राजनंदिनीनं घरातली सगळी भांडी काढून घासली, घासलेली पुन्हा घासली. आश्रुबा सातव्या दिवसाच्या कीर्तनाला गेले नाहीत. अंगणातून ऐकू येत होतं, तरी कानावर उपरणं घेऊन बसले. देवा, माझं ऐकू नको, ते म्हणत होते. मी कोन मागनारा. तिचं ऐक. पोराच्या आईचं ऐक. त्या उस्मानच्या बायकोचं ऐक, ती तुला कोनत्या नावानं हाक मारती ते तुला ठावं.

काल्याचा दिवस उजाडला. सुकन्याताईंनीच काल्याचं कीर्तन केलं, लाह्या उधळल्या, दही वाटलं, पंगती बसल्या. दुपारचे चार वाजत आले. कौशल्याबाईंना बायांनी ओढून नेलं होतं, हाताला काम असलं की बरं म्हणून. त्या मांडवामागं बुंदीच्या पराती धूत होत्या. आश्रुबा गोठ्यात दावं वळत बसले होते. वळायचे, उलगडायचे.

राजनंदिनी आली. गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. दम लागला होता, पळत आली असावी.

"बीडहून फोन आलता," ती म्हणाली. "बंदरावर एक शाळा हाय, तिथं उतरीवलंय सगळ्यांना. तिथली यादी आली. मी दोन येळेस वाचून घेतलं, पासपोर्टच्या आकड्यासकट. नाव हाय."

आश्रुबांच्या हातातून दावं गळालं.  तिथंच शेणामातीत त्यांनी कपाळ टेकलं. ती बघत राहिली. तिनं त्यांना उठवलं नाही, पण गेलीही नाही.

"उद्या जहाजात बसवनार," ती म्हणाली. "दंडाला कायतरी लागलंय म्हनं, तारेचं. बाकी बरे हायत."

"अजूच्या आईला सांगितलंस?"

"नाव आलंय एवढंच सांगनार हाय, आता जाऊन. दुसरं मी सांगितलेलं न्हाई, सांगनारबी न्हाई. अर्ज मी लिवला, पर तो माझ्या तोंडचा नव्हता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमचं हाय ते, मामा. ते येतील तवा पुन्हा तुमाला झाकतील. त्याच्या आदी सांगा."

"ऐकून घेईल का ती?"

"मला काय म्हाईत. मी ऐकलं."

ती वळून मांडवाकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून कौशल्याबाईंचा हुंदका ऐकू आला, मग पाचसहा बायांचा एकदम गलका, कुणीतरी टाळ वाजवायला लागलं. आश्रुबांनी हात झाडले, टोपी नीट केली आणि चालू लागले. मांडवात माणसं त्यांना अडवत होती, पाया पडत होती, भगवानराव मिठी मारायला आले. त्यांनी सगळ्यांना हातानं बाजूला केलं.

कौशल्याबाई परातींच्या ढिगाशेजारी ओल्या हातांनी बसल्या होत्या, हसत होत्या, रडत होत्या. "ऐकलंत का? आला माझा. देवानं ऐकलं."

"ऐकलं," आश्रुबा म्हणाले. त्यांनी एक परात पालथी घातली आणि तिच्यावर त्यांच्यासमोर बसले. भोवतीच्या बाया जरा मागं सरकल्या. "अजूची आई, बस जरा. गाडी आली तवा त्यानं मला फोन केलता."

त्यांचं हसू अजून तोंडावर तसंच होतं. "कंची गाडी?"

"पयली," ते म्हणाले.